पावसाआधी हाडे वेचा: कलहारीतील गुरांसाठी सल्ला

पाऊस तोंडावर आला की बोट्स्वानाच्या कलहारी पट्ट्यात चांगली दुभती गाय एकाएकी बसते आणि पुन्हा उठत नाही. मालक दुष्काळाला बोल लावतो. पण कुरणात फेरी मारा, मागच्या वर्षी मेलेल्या गुरांची हाडे जागच्या जागी पडलेली दिसतील.

इथल्या वाळूत स्फुरद (फॉस्फरस) कमी, म्हणून गवतातही कमी. गाभण आणि दुभत्या गाईची गरज सर्वांत मोठी, त्यामुळे ती हाडे, मेलेल्या कासवाचे कवच, जे सापडेल ते चघळते. आपल्याकडे पायका म्हणतात तो हाच. हाडाला चिकटलेल्या सडक्या मांसात बोट्युलिझम या अंग लुळे पाडणाऱ्या रोगाचे विष (प्रकार सी व डी) असते, आणि त्याचा चिमूटभर अंशही पुरतो. दक्षिण आफ्रिकेत याला लामसिक्टे म्हणतात. आर्नल्ड थायलर यांनी 1920च्या आसपास हे कारण उलगडले. शंभर वर्षे झाली, हाडे अजून पडूनच आहेत!

म्हणून या आठवड्यातच सुरुवात करा. आधी बोअरवेल आणि हाळाभोवतीचा भाग, कारण अशक्त जनावर पाण्याजवळच कोसळते. मग झाडांच्या सावल्या. हाडे पोत्यात भरून एका जागी पूर्ण जाळा. वाळूत उथळ पुरलेले कोल्हे उकरतात. टाकीत पक्षी किंवा उंदीर मेला असेल तर सगळे पाणी सोडून टाकी घासा. नाकातोंडातून काळपट रक्त आलेले जनावर मात्र फाडू नका, काळपुळी असू शकते, पशुवैद्यकांना कळवा.

बोट्युलिझमची लस: पहिल्या वर्षी दोन मात्रा, 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने, पुढे दरवर्षी एक. 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवा, गोठू देऊ नका. लस दिली म्हणून हाडे ठेवायची, असे नाही.

स्फुरद पावसाळ्यात द्या. हिरव्या गवतावर गाय वाढीला लागते तेव्हाच ते अंगी लागते. कोरड्या दिवसांत आधी प्रथिने कमी पडतात. डायकॅल्शियम फॉस्फेट (स्फुरद 18 टक्के) आणि मीठ निम्मे-निम्मे. गाईमागे रोज 100 ग्रॅम चाटण, म्हणजे 9 ग्रॅम स्फुरद. 100 गाईंना महिन्याला 300 किलो, त्यात फॉस्फेटच्या 50 किलोच्या तीन गोणी. चाटणाच्या रंगीत विटांची जाहिरात बाजूला ठेवा आणि गोणीवरचा स्फुरदाचा टक्का वाचा: 6 टक्क्यांची गोणी तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत मिळाली तरच परवडते. हाडांची पूड घेऊ नका; नीट निर्जंतुक नसेल तर विष तिच्यातूनच येते. कोंबडखतातही मेलेल्या कोंबड्या असतात, तेही नको.

आमचा ठोकताळा: सकाळी पाण्यावर अर्धा तास उभे राहा. दहात एक गाय लाकूड किंवा दगड चघळताना दिसली तर चाटणाला उशीर झाला आहे.

मागचे पाय लटपटणे, लाळ गळणे, जीभ ओढली तर आत न घेणे, ताप नसणे: ही लक्षणे दिसली की विक्रेता कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची इंजेक्शने पुढे करतो. या विषावर त्यांचा उपयोग नाही. अशा जनावराचे मांस कुणालाही खायला देऊ नका.

बाकीची कामे:
- फऱ्या व काळपुळीची लस
- गोचीड फवारणी
- भाकड गाई विकणे
- कुंपण दुरुस्ती

कोरड्या दिवसांत प्रथिनांसाठी युरियाचे चाटण ठेवले असेल, तर पहिला ढग दिसताच ते उचला. गव्हाणीत साचलेले युरियाचे पाणी प्यायलेली गाय काही तासांतच मरते. गव्हाणीला तळाशी भोके पाडा, वर पत्रा टाका.