इटालियन रेड वाइनची तुलना करताय? या चुका टाळा

दोन बाटल्या उघडल्या आणि दोन्ही सारख्याच लागल्या. किंवा महागडी कडवट लागली आणि स्वस्तातली भाव खाऊन गेली. वाइनला नावं ठेवण्याआधी बाटलीला हात लावून बघा. कोमट लागतेय? मग निम्मी गडबड तिथेच आहे. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांमधून आलेला आहे, आपल्याकडच्या एप्रिलमधल्या ३२ अंशांच्या हॉलमधून नाही. एवढ्या उष्म्यात नाकाला फक्त अल्कोहोल जाणवतं, फळाचा वास मागे पडतो. दोन्ही बाटल्या एकदमच फ्रिजमध्ये ठेवा आणि दीड-दोन तासांनी एकदमच बाहेर काढा. १६ ते १८ अंश पुरे.

दुसरी चूक जोडी निवडताना होते. कियांती (तोस्काना प्रांतातली, मुख्यतः सांजोवेझे द्राक्षाची वाइन) आणि अमारोने (वेनेतो प्रांतातली दमदार वाइन) शेजारी ठेवून काहीच कळत नाही. अमारोनेची द्राक्षं तोडल्यावर तीन-चार महिने सुकवतात, त्यामुळे अल्कोहोल बहुधा १५ टक्क्यांच्या पुढे जातं. तिच्या एका घोटानंतर कियांती पाणचट वाटणारच. अमारोने आणलीच असेल, तर ती शेवटी उघडा. तुलनेला एक गोष्ट समान हवी. मला आवडणारी जोडी वायव्य इटलीतल्या पिएमोंतेची आहे: बार्बेरा द’आल्बा आणि लांगे नेब्बिओलो. टेकड्या जवळपास त्याच, द्राक्षं वेगळी. बार्बेरा रंगाने गडद, चवीला आंबटसर, तुरटपणा कमी. नेब्बिओलोचा रंग इतका फिका की ग्लासमागचं बोट दिसतं. बघणारा म्हणतो, ही हलकी असणार. पहिल्याच घोटाला हिरड्या कोरड्या पडतात आणि मत बदलतं. बारोलो याच नेब्बिओलोची, पण आठवड्यातल्या साध्या जेवणाला एवढा खर्च कशाला? सांजोवेझे हे द्राक्ष घ्यायचं असेल, तर कियांती क्लासिकोशेजारी आपल्या अकलूजची सांजोवेझे ठेवून बघा, गंमत येते.

आता जेवण. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण बहुतेक जण पहिला घोट घेतात तोच तिखट घासावर. तिखटावर अल्कोहोलचा जाळ वाढतो, तुरटपणाही बोचतो, आणि दोष मात्र वाइनच्या माथी जातो. आधी दोन्ही वाइन नुसत्या चाखा, प्रत्येकी ५०-६० मिली, मग ताट वाढा. बेत टोमॅटोच्या सॉसचा पास्ता, वरून किसलेलं पार्मेजान चीज, असा साधा ठेवा. टोमॅटोच्या आंबटपणाला तोडीस तोड आंबट वाइन लागते, म्हणून बार्बेरा आणि सांजोवेझे इथे खुलतात. सॉसमध्ये साखर मात्र घालू नका. गोड घासानंतर कोणतीही कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन आंबट-कडू होते.

वाइन फारच तुरट लागली, तर एक उपाय करून बघा. मशरूमच्या किंवा मटणाच्या तुकड्यावर चिमूटभर मीठ आणि लिंबाचे दोन थेंब टाका, खा, आणि परत घोट घ्या. तीच वाइन मऊ लागते. आणि फोडणी, उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा हे सगळं वाइन चाखून झाल्यावरच, नाहीतर त्यांच्या वासात वाइनचा वास हरवतो. हिंगापुढे कुठल्याच नेब्बिओलोचा टिकाव लागत नाही.

लेबल नीट वाचा. मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो यात मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव आहे. विनो नोबिले दी मोंतेपुल्चानो यात ते तोस्कानामधल्या गावाचं नाव आहे आणि बाटलीत मुख्यतः सांजोवेझे असते. दुकानदारही यात फसतात. ‘क्लासिको’ म्हणजे त्या प्रांतातला जुना, मूळ पट्टा. दर्जाची हमी नव्हे.

वास विचित्र आला, तर लगेच ओतून देऊ नका. आगपेटीच्या काडीसारखा किंवा अंड्यासारखा वास ग्लास गरगर फिरवल्यावर बऱ्याचदा उडून जातो. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास मात्र बुचातून आलेला दोष असतो आणि हवा लागली की तो वाढतोच. त्यावर इलाज नाही. दुकानदार बदलून देतो का ते विचारा. तळाशी चमकणारे खडे काचेचे नसतात, ते वाइनमधल्याच आम्लाचे स्फटिक आहेत, निरुपद्रवी. तुरट वाइनचं नुसतं बूच काढून तासभर ठेवल्याने काही साधत नाही, कारण बाटलीच्या गळ्याएवढ्याच जागेतून हवा लागते. ती काचेच्या रुंद जगमध्ये ओता.

किमतीचा प्रभाव टाळायचा तर बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, क्रमांक टाका आणि ओतण्याचं काम न पिणाऱ्या माणसाला द्या. ग्लास सगळे एकाच आकाराचे घ्या, साबणाचा वास राहिलेला नको.

दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. एका रात्रीत संपवायच्या नसतात. उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत चाखा. नेब्बिओलो तेव्हा पुष्कळदा पुढे निघते.