फिजिओलॉजीत गाईड निवडताना

दर वर्षी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची दोन-चार पोरं माझ्या दारात येऊन उभी राहतात. "मॅडम, एसटीएस करायचंय, टॉपिक द्या." मी विचारते, माझं काम कशावर आहे, माहीत आहे का? माना खाली जातात. तेव्हा टॉपिकच्या आधी माणूस बघा. एसटीएस म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, विद्यार्थ्यांनी गाईडच्या, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकाच्या, हाताखाली छोटं संशोधन करायची योजना. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची, ही योजना १९७९पासून चालू आहे. काम दोन महिन्यांचं, आणि गाईड आपल्याच कॉलेजातला लागतो. म्हणजे विभागात जेवढे शिक्षक आहेत, त्यांच्यातूनच निवडायचं.

शिक्षकांच्या यादीत नावापुढे संशोधनाचे विषय लिहिलेले असतात. एकेका शब्दामागे रोजचं काम काय आहे, ते समजून घ्या. 'ऑटोनॉमिक', म्हणजे आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचं काम, म्हणजे ईसीजीची लीड टू (हृदयाच्या आलेखाची एक जोडणी), पाच मिनिटांचं एचआरव्ही (ठोक्याठोक्यातल्या अंतराचा चढउतार), मिनिटाला सहा श्वास, झोपलेल्या माणसाला उभं करून तिसाव्या आणि पंधराव्या ठोक्याच्या आसपासच्या अंतरांचं ३०:१५ गुणोत्तर, कमाल ताकदीच्या ३० टक्के पकड. इथं खोली शांत लागते आणि समोरच्यानं चहा-तंबाखू घेतलेली चालत नाही. 'पल्मनरी फंक्शन' म्हणजे स्पायरोमीटर, फुप्फुसातली हवा मोजायचं यंत्र, आणि दिवसभर लोकांना फुंकायला लावणं. बोलायची आवड असेल त्यानं हे घ्यावं. 'मेडिकल एज्युकेशन'मध्ये बहुतेक प्रश्नावल्या असतात.

मग ग्रंथालयात जा. एमडीचे जुने प्रबंध असतात त्या कपाटासमोर एक दुपार काढा. नाशिकच्या विद्यापीठाला सादर केलेले, जाड पुठ्ठ्याचे. त्यातलं पद्धतीचं प्रकरण वाचा, कोणतं मशीन, किती माणसं, कुठली माणसं. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, शिक्षकाचं नाव टाका आणि गेल्या पाच वर्षांचंच बघा. विद्यार्थ्याचं नाव पहिलं आहे असे लेख ज्यांच्या नावावर असतील, त्यांना आधी भेटा.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट एकच. रेकॉर्डिंग चालू असताना गाईड खोलीत येतो का? मी एमडीला असताना पाण्यावर तरंगणाऱ्या घंटेचा जुना स्पायरोमीटर होता. फुप्फुसातली हवा ३७ अंशांची, ती घंटेत जाऊन थंड होते, आकसते. म्हणून वाचनाला तापमानाप्रमाणे एका आकड्यानं गुणावं लागतं, बीटीपीएस म्हणतात ते. मी तक्त्यातला २५ अंशांचा आकडा, १.०७५, पहिल्या दिवशी वहीवर लिहून ठेवला आणि तोच वापरत राहिले. एप्रिल संपत आलेला. आमच्या मॅडम एका दुपारी येऊन शेजारच्या स्टुलावर बसल्या, घंटेच्या थर्मामीटरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे ३४ दाखवायलंय गं." ३४ला आकडा १.०२. चाळीस जणांची फुप्फुसं मी पाच टक्क्यांनी फुगवून ठेवली होती. रात्री बसून सगळी गणितं पुन्हा केली. त्या आल्या नसत्या तर ते तसंच छापून गेलं असतं. म्हणून वरच्या वर्गातल्यांना हेच विचारा, "सर लॅबमध्ये बसतात का?"

आता प्रश्न. तो आपल्या मातीतला असला तर गाईडलाही हुरूप येतो. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या धुळीनं सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, बिसिनोसिस म्हणतात त्याला. सुट्टीनंतरच्या त्या दिवशी पाळीच्या आधी आणि नंतर एफईव्ही-१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, मोजायचा, दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. मशीन घेऊन गेलात की कामगार गाल फुगवून हळूच सोडतात आणि म्हणतात, "फुकायलोच की मॅडम!" आधी स्वतः फुंकून दाखवा, नाकाला चिमटा लावून, सहा सेकंद, पोट आत जाईपर्यंत. पण हंगाम बघा. जिनिंग दसरा-दिवाळीनंतर रंगात येतं. ऊसतोडीची माणसंही तेव्हाच बीडमधून बाहेर पडतात. तुमचे दोन महिने पावसाळ्यात येत असतील तर हे विषय कागदावरच राहतील. लातूरच्या डाळ मिलमधली धूळ, नाहीतर हॉस्टेलच्या पोरांची झोप आणि एचआरव्ही, असं त्या काळात हाती लागेल ते धरा.

भेटायला प्रॅक्टिकल संपल्यावर, चारच्या सुमारास जा. इंटर्नल परीक्षेच्या आठवड्यात नको. एका पानावर तुमचा प्रश्न आणि त्यांचा वाचलेला एक लेख, एवढंच लिहून न्या. मशीन चालू आहे का, शेवटचं रेकॉर्डिंग कधी केलं, तीन लिटरच्या सिरिंजनं कॅलिब्रेट कधी केलं, म्हणजे माप बरोबर आहे का ते कधी तपासलं, हे अदबीनं पण नक्की विचारा. चांगला शिक्षक यानं रागावत नाही, उठून मशीन दाखवतो. निघताना एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या, पुढच्या बैठकीची तारीख विचारून घ्या. तिची परवानगी हातात आल्याशिवाय एकाही माणसाला फुंकायला लावायचं नाही.