घरी बांधायच्या वॉटर कूलिंगसाठी रेडिएटर आणि इतर भाग कसे निवडावेत

संगणकासाठी स्वतःच्या हाताने वॉटर कूलिंग बांधायला निघालेला माणूस बहुधा प्रोसेसरवर बसणाऱ्या चकचकीत ब्लॉकपासून खरेदीला सुरुवात करतो आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो रेडिएटर घेतो. हा क्रम उलटा हवा. ब्लॉक उष्णता फक्त पाण्यात उतरवतो. ती हवेत सोडण्याचे काम रेडिएटरचे असते, आणि तो अपुरा पडला तर बाकीचे भाग कितीही उत्तम असले तरी पाणी तापतच राहते.

म्हणून दुकानात जाण्याआधी किती उष्णता बाहेर काढायची आहे, याचा हिशेब कागदावर मांडावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जितकी वीज घेतात, तितक्या जवळजवळ सगळ्या विजेची उष्णताच होते. उदाहरणार्थ, रायझन ७ ७७००एक्स हा प्रोसेसर मूळ सेटिंगवर १४२ वॅटपर्यंत जातो आणि आरटीएक्स ४०७० टीआय हे कार्ड २८५ वॅटपर्यंत. दोन्ही एकाच लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरण्याच्या एकाच बंद मार्गात, घ्यायचे असतील तर ४२७ वॅट धरावे लागतात. हौशी मंडळींत रूढ असलेला ठोकताळा असा, की पंखे मध्यम वेगाने फिरत असताना आणि पाणी हवेपेक्षा साधारण १० अंशांनी गरम राहिलेले चालत असताना, १२० मिलिमीटरच्या एका पंख्याइतका रेडिएटर सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. आपल्या उदाहरणात चार पंख्यांची जागा किंचित कमी पडते, म्हणून ३६० चा (तीन पंख्यांचा) एक आणि २४० चा (दोन पंख्यांचा) एक अशी पाच पंख्यांची जागा घ्यावी.

येथे खोलीच्या तापमानाचा विचार टाळून चालत नाही, कारण रेडिएटर पाण्याला हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडच्या बंद खोलीत ३८ अंश असतील, तर वरच्या हिशेबाने पाणी ४८ अंशांवर जाईल. लोकप्रिय डी५ पंपासाठी पाण्याची कमाल मर्यादा ६० अंश सांगितलेली असते आणि पीईटीजी या प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्याच सुमारास मऊ पडण्याचा धोका असतो. खोलीत एसी नसेल तर विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी एका पंख्याची जागा जास्तीची धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या दमट हवेने नळ्यांवर पाणी साचेल, ही भीती मात्र बाळगू नये; पाणी हवेपेक्षा गरमच असल्यामुळे दव धरत नाही.

आता कॅबिनेट मोजावे. रेडिएटरवर लिहिलेले ३६० हे माप फक्त तीन पंख्यांचे असते; दोन्ही टोकांच्या टाक्या धरून त्याची खरी लांबी बहुधा ३९० ते ४०० मिलिमीटर भरते. जाडीही एकट्या रेडिएटरची धरू नये. ३० मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५ मिलिमीटरचा पंखा मिळून ५५ मिलिमीटर होतात, आणि वरच्या बाजूला तेवढी जागा घेतल्यावर रॅमच्या उंच पट्ट्या पंख्याला टेकतात की काय, हे पट्टीने पाहिल्याशिवाय कळत नाही. कॅबिनेटमध्ये १४० मिलिमीटरचे पंखे बसत असतील तर २८० च्या रेडिएटरचा विचार जरूर करावा. त्याचे क्षेत्रफळ ३६० च्या क्षेत्रफळाच्या सुमारे नव्वद टक्के भरते आणि लांबी मात्र बरीच कमी लागते.

यानंतरचा निर्णय धातूचा, आणि सर्वांत महागात पडणारी चूक येथेच होते. ब्लॉकचा तळ तांब्याचा असतो, मग त्यावर निकेलचा मुलामा असो वा नसो. त्याच पाण्यात अॅल्युमिनियमचा रेडिएटर आला की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते, अॅल्युमिनियम झिजू लागते आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांमध्ये जाऊन बसतो. ऑनलाइन मिळणारे सर्वांत स्वस्त रेडिएटर बहुधा अॅल्युमिनियमचेच असतात. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या तयार कूलरमध्येही तांब्याच्या तळासोबत अॅल्युमिनियमचा रेडिएटर सर्रास असतो; तेथे गंजरोधक मिसळलेले द्रव सीलबंद असल्याने ते निभावते. म्हणून जुन्या कूलरचा रेडिएटर काढून घरच्या लूपला जोडू नये, आणि मोटारीच्या हीटरचा गाभा वापरायचा असेल तर तो तांब्या-पितळेचा असल्याची खात्री झाल्याशिवाय त्याला हात लावू नये. ओळखण्याची सोपी रीत अशी: बूच काढून आट्यांच्या आत उजेड पाडावा. पितळ पिवळे दिसते, अॅल्युमिनियम पांढुरके. शिवाय तांब्या-पितळेचा रेडिएटर हातात घेताच वजनाने जाणवतो.

रेडिएटरची जाडी आणि त्याच्या फिनची, म्हणजे हवेला उष्णता देणाऱ्या पातळ पत्र्यांची, दाटी यांचा विचार पंख्यांच्या वेगासोबतच करावा. इंचामागे दहा-बारा फिन असतील तर हवा सहज आरपार जाते आणि मंद, शांत पंखेही पुरतात. वीसच्या पुढे दाटी गेली की वेगवान पंखे लागतात आणि आवाज वाढतो. साठ मिलिमीटरच्या जाड रेडिएटरने दुप्पट काम होईल असे वाटते, पण मंद पंख्यांवर त्याचा फायदा थोडाच मिळतो. जागा असेल तर एका जाड रेडिएटरपेक्षा दोन पातळ रेडिएटर घ्यावेत. पंखे निवडताना हवेचा दाब जास्त देणारे निवडावेत आणि शक्य असेल तेथे बाहेरची ताजी हवा रेडिएटरमधून आत ओढावी.

एक सूचना कळकळीने करतो. पंखा बसवणारे स्क्रू रेडिएटरसोबत आलेलेच वापरावेत. माझ्या पहिल्या लूपमध्ये मी ३० मिलिमीटरऐवजी घरात सापडलेला ३५ मिलिमीटरचा स्क्रू वापरला. तो शेवटच्या दोन आट्यांना किंचित अडला, मी जोर लावला, आणि त्याचे टोक फिनमधून पाण्याच्या चपट्या नळीत गेले. पाणी भरल्यावर त्या एका भोकातून थेंब पाझरू लागले आणि नवा रेडिएटर बाद झाला. काही रेडिएटरमध्ये भोकांखाली संरक्षक पट्टी असते; खरेदी करताना ती पाहून घ्यावी.

पंपासाठी डी५ घ्यावा, त्यात फार विचार करण्यासारखे नाही; जागा अगदीच कमी असेल तर डीडीसी हा लहान पंप. प्रवाह प्रचंड असावा लागत नाही. मिनिटाला एक लिटर पाणी एका अंशाच्या फरकाने सुमारे ७० वॅट वाहून नेते, त्यामुळे मिनिटाला चार लिटर प्रवाह असला तर आपल्या ४२७ वॅटनेही पाण्याच्या तापमानात संपूर्ण लूपभर जेमतेम दीड अंशाचा फरक पडतो. म्हणूनच आधी ब्लॉक की आधी रेडिएटर, हा क्रम महत्त्वाचा ठरत नाही. महत्त्वाचे इतकेच, की पाणी साठवणारी टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा उंचावर असावी, म्हणजे पंप कोरडा फिरणार नाही.

पहिल्या बांधणीला मऊ नळीच घ्यावी. पारदर्शक पीव्हीसीमधून कालांतराने तेलकट अंश पाण्यात उतरतो, म्हणून ईपीडीएम रबराची काळी नळी मला अधिक विश्वासार्ह वाटते. फिटिंगचे आटे जवळजवळ सगळीकडे जी १/४ या मापाचे असतात. नळीचे आतले आणि बाहेरचे माप, जसे १०/१६, फिटिंगशी तंतोतंत जुळायला हवे. सर्वांत खालच्या जागी एक निचरा-व्हॉल्व्ह अवश्य घ्यावा.

नवा रेडिएटर धुतल्याशिवाय जोडू नये. त्यात गरम डिस्टिल्ड वॉटर भरून दोन्ही तोंडे बंद करावीत, दोन-तीन मिनिटे जोराने हलवावा आणि पाणी पांढऱ्या फडक्यावर ओतावे. पहिल्या वेळी फडक्यावर डागकामाच्या फ्लक्सचे काळे-तपकिरी कण स्पष्ट दिसतात. फडके स्वच्छ राहीपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. भरण्यासाठी नळाचे किंवा बोअरचे पाणी चालणार नाही, कारण त्यातले क्षार आतून थर धरतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंजरोधक आणि शेवाळरोधक असलेले तयार मिश्रण घालावे. दुधाळ रंगीत द्रवातले रंगकण ब्लॉकमध्ये साचतात, म्हणून रोजच्या वापराच्या संगणकात ते टाळावे.

सगळे जोडून झाल्यावर मदरबोर्ड आणि कार्डाला वीज न देता एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) २४ पिनांच्या प्लगवर जंपर, म्हणजे तो मदरबोर्डशिवाय सुरू करणारा जोड, लावून फक्त पंप चालवावा. टाकीतले पाणी उतरले की पंप बंद करून पुन्हा भरावे, आणि कॅबिनेट हळूहळू सगळ्या बाजूंना कलते करून अडकलेली हवा काढावी. प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून चोवीस तास पंप चालू ठेवावा. एकही कागद ओला झाला नाही तरच बाकीच्या केबल लावाव्यात. पुढच्या आठवड्यात टाकीतली पातळी थोडी खाली येईल. जोड कोरडे असतील तर ती गळती नसून रेडिएटरच्या कोपऱ्यांत दडलेली हवा निघून गेल्याची खूण असते. तेवढे द्रव वरून भरून झाकण घट्ट लावावे.