चाळीतल्या खोलीत भयपट कसा करावा

आधी जागा शोधा, मग गोष्ट लिहा. क्रम उलटा वाटेल, पण खिसा रिकामा असला की हाच बरा. १९९९चा ‘कौन’ एका घरात आणि तीन पात्रांत उभा राहिला. मावशीची गिरगावात १० बाय १२ची खोली असेल तर गोष्ट त्याच खोलीची लिहा. सामाईक गॅलरी, करकरणारा लाकडी जिना हे चाळीत फुकट मिळतं. परवानगी मात्र लेखी घ्या. शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर पहिल्या किंकाळीला अख्खा मजला दारात उभा राहतो.

कॅमेरा मोबाइलचा चालेल. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/६०ला ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकू शकतात. एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर अंधार दिसला की मोबाइल आपणहून उजेड वाढवतो आणि भूत पासपोर्ट फोटोला बसल्यासारखं दिसतं. लाइट एकच, तोही दाराबाहेर.

रक्तासाठी लिक्विड ग्लुकोज, खाण्याचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि निळ्याचा एक थेंब. क्रॉफर्ड मार्केटला केकच्या सामानाच्या दुकानात सगळं मिळतं. हे गोड असतं, हे आम्ही विसरलो. तिसऱ्या टेकला आमचं प्रेत ओरडत उठून बसलं. फरशीच्या फटीतून निघालेली मुंग्यांची रांग थेट प्रेताच्या कानापर्यंत पोचली होती. तेव्हापासून फ्रेमबाहेर मुंग्यांच्या खडूची रेघ ओढतो.

पैसे खर्च करायचेच तर आवाजावर करा. चांगला रेकॉर्डर भाड्याने आणा. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) सुऱ्याच्या वारांचा आवाज खरबुजात सुरा खुपसून काढला होता. हाड मोडायला आपली शेवग्याची शेंग घ्या. ओल्या फडक्यात गुंडाळून माइकजवळ पिळली की अंगावर काटा येतो. संवादांचे सीन शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंत उरकायचे, म्हणजे साधारण १ ते ४. पंखा बंद, फ्रिजही बंद. फ्रिज बंद केलात की बाइकची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचं राहून जात नाही आणि मावशीचं दूध वाचतं. शेवटी सगळ्यांनी मिनिटभर श्वास रोखल्यासारखं गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाज टिपा. एडिटिंगला दोन वाक्यांमधली भोकं त्यानेच बुजतात.

आमच्या भुताचा आवाज मात्र ठरवून केलेला नाही. साडेचारला पॅकअप झालं, पण रेकॉर्डर चालूच राहिला होता. चाळीत पाणी यायची वेळ झालेली. पाण्याआधी नळातून हवा येते. आधी लांब सुस्कारा, मग घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर. तिचाच वेग थोडा कमी करून वापरली.

पहिला खेळ चाळीच्या गच्चीवर, चादरीवर लावला. अंधारात भूत घरघरलं आणि मागून एक काकू घाईघाईने उठल्या, “अगं बाई, पाणी आलं वाटतं!”