घरच्या घरी बीपी कसं मोजावं: यंत्र, वही, मोबाईल आणि अप्पांचा १३०/८०

आमच्या अप्पांच्या बीपीच्या वहीत सलग दोन महिने एकच आकडा होता. सकाळी १३०/८०, रात्री १३०/८०. डॉक्टरांनी वही चाळली, चष्म्यावरून अप्पांकडे पाहिलं आणि सोबत नेलेल्या यंत्राचं मेमरीचं बटण दाबलं. आत १४६, १३८, १५२ असं बरंच काही निघालं. "अहो, १३८ म्हणजे १३०च की!" अप्पा म्हणाले.

गोळी वाढवायची की नाही, हे त्याच वहीवरून ठरणार होतं. यंत्र चांगलं होतं, खोट आमच्या मोजण्यात आणि लिहिण्यात होती. तेव्हापासून जी पद्धत घरात बसवली, ती इथे देतो.

यंत्र घेताना

दंडाला पट्टा गुंडाळायचं यंत्र घ्या. मनगटाचं यंत्र छोटं, सुटसुटीत, पण हात हृदयाच्या पातळीत नसला की आकडा लगेच बदलतो. दंडाला पट्टा बसतच नसेल, तरच त्याच्याकडे वळा, तेही डॉक्टरांना विचारून.

दुकानात कंपनीचं नाव विचारण्यापेक्षा मॉडेल नंबर विचारा. एकाच कंपनीचं एक मॉडेल तपासलेलं असतं, दुसरं नसतं. अचूकतेच्या चाचणीत उतरलेल्या यंत्रांची यादी 'स्ट्राइड बीपी' या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. दुकानदार "साहेब, हेच सगळे नेतात" म्हणत असतो, तेवढ्यात मोबाईलवर पाहून होतं.

पट्ट्याचं माप हा सर्वांत दुर्लक्षित भाग. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला चालतो. त्याहून जाड दंडाला मोठा पट्टा लागतो. जाड दंडाला लहान पट्टा आवळला, तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि माणूस नसत्या गोळ्या खात बसतो. पट्ट्यावर त्याचं माप छापलेलं असतं, ते वाचून घ्या.

मेमरी हवीच. ब्लूटूथ असेल तर बरं, नसेल तर अडत नाही. घरात दोघांना बीपी असेल, तर दोन माणसांच्या नोंदी वेगळ्या ठेवणारं यंत्र पाहा, नाहीतर अप्पांचं बीपी आईच्या खात्यात जमा होतं.

यंत्र आत काय करतं

हे कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून रक्तवाहिनीचा आवाज ऐकतात. कोरोटकॉफ या रशियन शल्यविशारदाने १९०५ मध्ये सांगितलेली ती पद्धत. घरातलं डिजिटल यंत्र मात्र काही ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सुटत असताना (काही यंत्रांत भरत असताना) नाडीच्या ठोक्यांनी तिच्यात बारीक थरथर होते. ती टिपून यंत्र वरचं आणि खालचं बीपी हिशेबाने काढतं. म्हणून तुम्ही बोललात, हात हलवलात किंवा पट्ट्याखाली स्वेटरची बाही राहिली, की हिशेब बिघडतो.

बसायचं कसं

आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, विडी-सिगारेट, तंबाखू नको. फिरून आल्या आल्या मोजू नका. लघवीला जाऊन या, कारण तुंबलेल्या लघवीनेही बीपी चढतं.

आता बैठक. आपल्याकडे माणूस पलंगाच्या कडेवर पाय लोंबकळत ठेवून नाहीतर दिवाणावर मांडी घालून बसतो. दोन्ही चुकीचं. पाठ टेकलेली हवी, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट हवेत, पायावर पाय नको. जेवणाच्या टेबलाची खुर्ची या कामाला सर्वांत चांगली. हात टेबलावर ठेवा आणि खाली उशी घालून पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत आणा. हात हृदयाच्या १० सेंटिमीटर खाली राहिला, तर आकडा ७-८ ने जास्त येतो. एवढ्या फरकाने नॉर्मल माणूस पेशंट होतो.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर बांधा. खाली एखादं बोट सरकेल इतपतच सैल ठेवा. सदऱ्याची बाही वर गुंडाळून दंडाला काच बसत असेल, तर सदरा काढा.

मग पाच मिनिटं गप्प बसा. आमच्याकडे हीच पायरी सर्वांत अवघड. समोर बातम्यांवर चौघे एकदम ओरडत असतात आणि अप्पा त्यांना उत्तरं देत असतात. टीव्ही बंद, फोन उलटा. मोजतानाही तोंड बंद.

पहिल्यांदा दोन्ही दंडांचं मोजा. ज्या हाताचं जास्त येईल, तो कायमचा धरा. दोन हातांत १० पेक्षा जास्त फरक सतत येत असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

सात दिवसांचा हिशेब

रोज दिसेल तेव्हा मोजण्यापेक्षा डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस शिस्तीने मोजा. सकाळी चहा, नाश्ता आणि गोळी या तिन्हींच्या आधी, रात्री झोपण्यापूर्वी. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. म्हणजे आठवड्याला २८ आकडे होतात. पहिल्या दिवसाचे चार सोडून द्या, तेव्हा माणूस यंत्राला बिचकलेला असतो. उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढा, वरच्या आकड्यांची वेगळी, खालच्यांची वेगळी.

दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात, घरच्या सरासरीला १३५/८५. काहींचं बीपी पांढरा कोट पाहूनच चढतं, तर काहींचं दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त निघतं. दुसरा प्रकार जास्त फसवा, आणि घरी मोजल्याशिवाय तो सहसा सापडत नाही.

आकडा जसाच्या तसा लिहा, १३८ म्हणजे १३८. शेजारी बारीक अक्षरात "रात्री झोप नाही", "गोळी राहिली", "लग्नाचं जेवण" असं काही असेल तर तेही. एक आकडा जास्त आला म्हणून लगेच दहा वेळा पट्टा आवळत बसू नका, धास्तीने तो आणखी चढतो.

मोबाईल आणि घड्याळ

कॅमेऱ्यावर बोट ठेवा, बीपी सांगतो, असं म्हणणारी अ‍ॅप काढून टाका. अमेरिकेत अशाच एका लोकप्रिय अ‍ॅपची तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचं बीपी खरोखर जास्त होतं, त्यांतल्या दहापैकी सात-आठ जणांना अ‍ॅपने "नॉर्मल" सांगितलं होतं. बीपी दाखवणारी काही घड्याळं आहेत, पण उदाहरणार्थ सॅमसंगचं घड्याळ दर २८ दिवसांनी दंडाच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. मग मूळ यंत्र लागतंच.

नोंद ठेवणारं अ‍ॅप मात्र कामाचं. यंत्रातून आकडा ब्लूटूथने थेट उतरतो, अप्पांना आकडा गोल करायला वाव राहत नाही. सुरुवातीला फोनमधले संपर्क, लोकेशन असं काहीबाही मागितलं, तर द्यायची घाई करू नका. काही फोनवर लोकेशनशिवाय ब्लूटूथ जोडलं जात नाही, तेवढ्यापुरतं ठीक. महिन्याची पीडीएफ डॉक्टरांना पाठवा. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, संध्याकाळपर्यंत लसणाचे अकरा उपाय येतात.

डॉक्टरांच्या बाजूलाही असंच चाललंय. २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी उच्च रक्तदाब कार्यक्रमात 'सिम्पल' नावाचं अ‍ॅप वापरात आलं. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. रुग्णाच्या कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की मागची बीपी आणि औषधं नर्ससमोर येतात, न आलेल्यांची यादीही निघते. ई-संजीवनीवरून घरबसल्या सल्ला घेणार असाल, तर सात दिवसांची सरासरी आणि गोळ्यांचं पाकीट हाताशी ठेवा. पडद्यातून डॉक्टरांना पट्टा बांधता येत नाही.

वाट पाहायची नाही ते

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, जीभ जड झाली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा अचानक दिसेनासं झालं, तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. ही लक्षणं असतील तर आकडा कमी असला तरीही. लक्षण काहीच नसेल, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. स्वतःच्या मनाने जादा गोळी घेऊ नका. पडद्यावर ठोके अनियमित असल्याची खूण वारंवार येत असेल, तर तेही सांगा. अशा वेळी यंत्राच्या आकड्यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

वर्षातून एकदा यंत्र पिशवीत घालून दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहा. रबरी नळीला चिरा गेल्यात का, पट्ट्याचं चिकटणारं कापड सुटतंय का, तेही बघा. गावाला महिनाभर जाणार असाल तर सेल काढून ठेवा. आमचं पहिलं यंत्र बीपीने नाही, गळलेल्या सेलने गेलं.