पायथॉनमध्ये एरर कुठे पकडायची, लॉगमध्ये काय लिहायचं

'एक्सेप्ट' आणि खाली 'पास', या दोन ओळींइतका घातक कोड दुसरा नाही. एरर येते, गिळली जाते, प्रोग्रॅम पुढे धावतो. चार फंक्शन ओलांडल्यावर 'नन'वर (पायथॉनमधली 'काहीच नाही' ही किंमत) काहीतरी फुटतं आणि आपण तिथे साप साप म्हणून भुई धोपटत बसतो. शिवाय प्रकार न सांगितलेला 'एक्सेप्ट' कंट्रोल-सीसुद्धा पकडतो. लूपमध्ये असला तर प्रोग्रॅम थांबवणंही मुश्कील.

म्हणून प्रकार नेमका लिहा: फाइल उघडताना 'फाइलनॉटफाउंडएरर', मजकुराचा आकडा करताना 'व्हॅल्यूएरर'. 'ट्राय'मध्ये फुटू शकणारी एखाद-दुसरी ओळच ठेवा. इथे या एररचं काही करता येतं का? नसेल, तर ती वर, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनकडे, जाऊ द्या. नाव बदलून वर पाठवायची असेल तर 'रेज'ला 'फ्रॉम' जोडा, म्हणजे मूळ कारण स्पष्टपणे जोडलेलं राहतं.

लॉग, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमची नोंद, एकदाच करा, एररचं काय करायचं हा निर्णय होतो तिथे. प्रत्येक थरात लॉग करून पुन्हा 'रेज' केलं की एकाच बिघाडाचे पाच ट्रेसबॅक (एरर कोणत्या ओळींतून आली त्याची यादी) दिसतात. 'एक्सेप्ट'च्या आत 'लॉगर.एक्सेप्शन' वापरा, नुसतं 'लॉगर.एरर' ट्रेसबॅक देत नाही.

'पेमेंट फेल' ही नोंद रात्री दोन वाजता कुणाच्याच कामाची नाही. ही आहे:

एरर | ऑर्डर ४५१२ | रक्कम ७५० | ३० सेकंदांत उत्तर नाही | प्रयत्न २/३

इथे एक मेख आहे. टाइमआउट म्हणजे पेमेंट फसलं असं नव्हे; काय झालं ते कळलेलं नाही, एवढंच. आंधळेपणाने पुन्हा विनंती पाठवली तर पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. दर प्रयत्नात तीच आयडेम्पोटन्सी की (ही तीच विनंती आहे हे गेटवेला, म्हणजे पेमेंट घेणाऱ्या सेवेला, ओळखू देणारा क्रमांक) पाठवा, मध्ये १, २, ४ सेकंद थांबा. गेटवे अशी की मानत नसेल, तर आधी व्यवहाराची स्थिती विचारा. उत्तरात ४०० हा एचटीटीपी कोड आला तर विनंतीच चुकीची आहे, तीच पुन्हा पाठवून उपयोग नाही.

लॉगिंगच्या सेटिंगमधले खड्डे: मूळ पातळी 'वॉर्निंग' असते, म्हणून तिच्याखालची 'इन्फो' दिसत नाही. रूटला (सगळ्यांत वरच्या लॉगरला) हँडलर (नोंद फाइलमध्ये किंवा स्क्रीनवर पाठवणारा भाग) आधीच असेल तर 'बेसिककॉन्फिग' गुपचूप काहीच करत नाही. ओळी दोनदा उमटल्या तर हँडलर बहुधा रूटवर आणि तुमच्या लॉगरवर, दोन्हीकडे लागलेला असतो. 'रोटेटिंगफाइलहँडलर'ला १० एमबी आणि ५ बॅकअप द्या, म्हणजे एकूण साधारण ६० एमबी. बॅकअप शून्य ठेवलात तर फाइल फुगतच जाते.

सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असेल तर सकाळी ९ चा गोंधळ लॉगमध्ये ३:३० ला शोधा. ओटीपी आणि पासवर्ड मात्र 'डीबग'मध्येही लिहू नका.

शेवटी मुद्दाम डेटाबेस बंद करून एक ऑर्डर टाका आणि फक्त लॉग वाचून कोणती ऑर्डर अडकली ते सांगता येतं का पाहा.