पाठ भिंतीला टेकली तरी आत्या मावेना: छोटी प्राइम लेन्स घेताना या चुका टाळा

येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या रात्री आमच्या लातूरकडच्या घरांत चूल विझतच नाही. भज्जी, उंडे, आंबील, सगळं पहाटेच्या आत तयार पाहिजे, कारण दिवस उजाडला की आंबिलीचं बिंदगं घेऊन रानात निघायचं असतं. त्या रात्री मी नवी कोरी 50 मिमी प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स लावून आत्याच्या स्वयंपाकघरात शिरलो. माळवदाचं जुनं घर, दहा बाय दहाची खोली, वर एक पिवळा बल्ब. आत्याचा चेहरा घेतला की परात कापली जायची, परात घेतली की चूल बाहेर. मागं सरकत सरकत मी शेवटी ज्वारीच्या पोत्यावर जाऊन टेकलो. आत्या भाकरी उलटता उलटता म्हणाली, "काय करायलास रे? फोटो काढायलास का पोत्याची राखण करायलास?"

लेन्समध्ये काही खोट नव्हती. खोट माझ्या निवडीत होती. जो भेटेल तो "पहिली प्राइम म्हणजे निफ्टी फिफ्टीच", म्हणजे 50 मिमीचीच, असं सांगत होता, मीही घेऊन टाकली. आपण उभे कुठं राहतो आणि समोरचा माणूस किती लांब असतो, हे मोजायचं राहूनच गेलं.

50 चा सल्ला कोणत्या कॅमेऱ्यासाठी होता?

तो सल्ला 35 मिमी फिल्मच्या काळातला. 36 मिमी रुंदीच्या त्या फ्रेमवर 50 मिमी ही 'नॉर्मल' लेन्स, ना फार रुंद दाखवणारी ना फार जवळ. आजच्या फुल फ्रेम, म्हणजे तेवढ्याच मोठ्या सेन्सरच्या, मिररलेस कॅमेऱ्यावरही ती तशीच दिसते. पण आपल्याकडे पहिला कॅमेरा म्हणून बहुतेक जण घेतात तो एपीएस-सी, म्हणजे क्रॉप सेन्सरचा. त्याची रुंदी साधारण 23.5 मिमी, कॅननमध्ये थोडी आणखी कमी. त्यामुळं तीच 50 तिथं 75 मिमीसारखी दिसते, कॅननवर 80 सारखी. ही झाली पोर्ट्रेट लेन्स. लग्नात नवरीचा चेहरा टिपायला झकास, स्वयंपाकघरात कुचकामी.

हिशेब सोपा आहे. सेन्सरच्या रुंदीला अंतरानं गुणा आणि फोकल लेंथनं, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्यानं, भागा. माणूस 3 मीटरवर असेल तर एपीएस-सीवर 50 मिमीच्या आडव्या फ्रेममध्ये जेमतेम 1.4 मीटर रुंदी मावते. 35 मिमीत 2 मीटर, 23 मिमीत 3 मीटर. दहा बाय दहाच्या खोलीत 3 मीटर अंतर म्हणजे तुमची पाठ एका भिंतीला आणि समोरच्याची दुसऱ्या. प्रत्यक्षात मधल्या पोत्यांमुळं आणि डब्यांमुळं दोनच मीटर हाती लागतात. मग 50 मध्ये मावतं 94 सेंटिमीटर. आत्या, परात आणि चूल तेवढ्यात कशी बसणार?

शिवाय आपले डोळे मोबाइलला सरावलेले. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या भाषेत 24 ते 26 मिमीच्या आसपास असतो. तिथून थेट 75 वर उडी मारली की सगळीकडं नाक खुपसल्यासारखं वाटतं.

घेण्याआधी आठेक दिवस कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स एका वेळी एकाच आकड्यावर ठेवा. झूम रिंग हातानं फिरणारी असेल तर तिच्यावर सरळ चिकटपट्टी मारा. आधी 35 वर चार दिवस, मग 23-24 वर चार दिवस. गुलमंडी बाजाराच्या गर्दीत, घरात, रानात, सगळीकडं तेच. कुठं सारखं मागं सरकावं लागतं आणि कुठं पुढं जावं लागतं, ते आपोआप कळतं. दुसरी खूण तुमच्या जुन्या फोटोंतच आहे: फोटोच्या माहितीत फोकल लेंथ लिहिलेली असते. मी वर्षभराचे फोटो पाहिले, तर निम्म्याहून जास्त 20 ते 28 च्या मधले. हे आधी पाहिलं असतं तर पोत्यावर बसायची वेळ आली नसती.

माझं मत विचाराल तर एपीएस-सीवर रोजच्या वापराला 23 ते 28. एकेकट्या माणसाचे कमरेपर्यंतचे फोटो जास्त काढत असाल तर 35. फुल फ्रेमवर 35 किंवा 40. आणखी छोट्या सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्सवर आकडा दुप्पट धरायचा, म्हणून तिथं 17 ते 20.

छोटी म्हणजे उजेडाची, असं नाही

चपट्या पॅनकेक लेन्स दिसायला गोड असतात. फुजीफिल्मची 27 मिमी एफ 2.8 (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) फक्त 84 ग्रॅमची आहे, कॅननची आरएफ 28 मिमी एफ 2.8 120 ग्रॅमची. खिशात मावतात. पण किट लेन्स त्याच आकड्यावर एफ 4 च्या आसपास उघडत असेल, तर एफ 2.8 नं फायदा एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा. अंधाऱ्या खोलीत तेवढ्यानं चमत्कार होत नाही.

एफ 1.8 ची गोष्ट वेगळी. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आत उजेडही बेताचा. एफ 5 वर आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, 6400 लागत असेल तर एफ 1.8 वर तेच काम 800 च्या आसपास होतं. रंगांत पडणारा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो.

मग एफ 1.4 च का नको? घ्या की, पण हातात धरून पाहा. सिग्माची 30 मिमी एफ 1.4 साधारण 265 ग्रॅमची, तर सोनीची ई 35 मिमी एफ 1.8 154 ग्रॅमची आणि निकॉनची डीएक्स 24 मिमी एफ 1.7 135 ग्रॅमची. एफ 1.8 आणि 1.4 मध्ये फरक पाऊण स्टॉपचाही नाही. लेन्स जड वाटली की ती कपाटात राहते, आणि परभणीच्या बाजारात अचानक दिसलेला फोटो शेवटी मोबाइलवरच निघतो.

खोक्यावर बारीक अक्षरात असतं ते

सगळ्यात जवळचं फोकस अंतर कुणी पाहतच नाही. कॅननची आरएफ 35 मिमी एफ 1.8 17 सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, सोनीची एफई 50 मिमी एफ 1.8 45 सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही. हे अंतर लेन्सच्या काचेपासून नाही, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्यावर गोलावर आडवी रेघ अशी खूण असते, तिथून. मांडी घालून जेवायला बसल्यावर ताटातल्या भज्जीचा फोटो काढताना लेन्स नुसतीच मागंपुढं घरघरत असेल, तर ती बिघडलेली नाही. कॅमेरा थोडा मागं घ्या.

जुन्या डीएसएलआरची (आरशाच्या कॅमेऱ्याची) 50 अडॅप्टर लावून चालवायचा बेत असेल तर वजन आधी जोडा. कॅननची ईएफ 50 एफ 1.8 एसटीएम 160 ग्रॅमची, वर अडॅप्टर 110 ग्रॅमचा आणि 24 मिमी जाड. आरएफची 50 एकटीच 160 ग्रॅमची. निकॉनवाल्यांनी तर जास्तच जपा: जुन्या एएफ-डी लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत. आणि फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एपीएस-सीची लेन्स लावली तर सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो आणि 24 मेगापिक्सेलचे साधारण 10 उरतात.

लेन्स खराब आहे म्हणण्याआधी

नवी प्राइम घेतल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत हमखास येणारी तक्रार म्हणजे "किट लेन्सपेक्षा फोटो हललेले येतात." बहुतेक वेळा खरं कारण असं असतं की किट लेन्समध्ये हात हलला तरी सांभाळून घेणारं स्टॅबिलायझेशन होतं, नव्या प्राइममध्ये नाही, आणि कॅमेऱ्यातही नाही. कॅननचा आर50, निकॉनचा झेड50, सोनीचा ए6400, यांच्यापैकी कुणाच्याही बॉडीत ते नाही. किट लेन्सवर 1/20 सेकंदाच्या शटरला चालून जायचं, तेच प्राइमवर हलतं. ऑटो आयएसओत किमान शटर स्पीड 1/125 ठेवा, पोरंटोरं पळत असतील तर 1/250. सोनीची ई 35 एफ 1.8 आणि कॅननची आरएफ 35 एफ 1.8 यांच्यात स्टॅबिलायझेशन आहे, पण ते तुमच्या हाताचा कंप सांभाळतं. समोरचं वासरू उधळलं तर त्याचा इलाज नाही.

दुसरी तक्रार: एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर. एपीएस-सीवर 50 मिमी, एफ 1.8, माणूस 1 मीटरवर, एवढ्यात फोकसमध्ये राहणारा पट्टा पुढून मागं जेमतेम 3 सेंटिमीटर. चेहरा जरा तिरका झाला की एक डोळा सुटणारच. एफ 2.8 किंवा 4 करा आणि डोळ्यावर फोकस करणारी सेटिंग चालू ठेवा. एफ 1.8 चे पैसे मोजलेत म्हणून प्रत्येक फोटो एफ 1.8 वरच काढायचा, असा काही करार नाही.

मे महिन्यात भर दुपारी फोटो पांढराफटक येतो, त्याचंही मूळ तेच. आयएसओ 100 आणि एफ 1.8 ला आपल्याकडच्या कडक उन्हात 1/8000 च्या जवळपास शटर लागतं, आणि नवशिक्यांसाठीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर 1/4000 लाच थांबतं. एफ 5.6 करा, प्रश्न मिटला.

एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे आले तर लेन्सला दोष देऊ नका. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, त्यामुळं असे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर ते पकडतं. सायलेंट मोड बंद करून मेकॅनिकल शटरवर 1/100 किंवा 1/50 ठेवा.

दिव्याभोवती धुकट वलय, उजेडाविरुद्धचे फोटो फिके? स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा काढा. मी वर्षभर लेन्सला नावं ठेवत होतो, निघाला तो फिल्टर.

सेकंडहँड घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागच्या बाजूनं आत मारा आणि पुढून तिरकं पाहा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळाभर कपड्यांच्या कपाटात राहिलेली एक लेन्स मी असा टॉर्च न मारताच उचलली होती. विकणारा "एकदम नवीच" म्हणत होता.

आणि धूळ. काळ्या रानात उन्हाळी वारा सुटला की लेन्स बदलायला जाऊ नका. बदलायचीच असेल तर गाडीत बसून, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. आत तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब धुळीपेक्षा चिवट. रबरी ब्लोअर वापरा. सगळ्या फोटोंत आकाशात काळसर ठिपके दिसत असतील तर एफ 16 वर मोकळ्या आभाळाचे दोन फोटो काढा, एक प्राइमनं आणि एक किट लेन्सनं. ठिपके दोन्हींत त्याच जागी दिसले, तर ती सेन्सरवरची धूळ. लेन्स परत करायला दुकानात जाऊ नका.